तरंगती जमीन

आमच्या घराने आजवर चार जमिनी पाहिल्या. पहिली शेणाने सारवलेली. ती आम्हांस अंधुक आठवते. दुसरी तांबड्या कोब्याची; ती आमच्या तीर्थरूपांनी गोवा मुक्त झाल्यावर सात वर्षांनी, म्हणजे १९६८ साली, भाताचे एक पीक बरे आले तेव्हा करून घेतली. तिसरी गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सची. ती २००९ साली आम्हीच मोठ्या हौसेने घातली, आणि तिच्यावरच आमच्या मातोश्री पडल्या. चौथी लाकडाची, निदान लाकडासारखी दिसणारी. तिची हकीकत सांगावी म्हणून आज लेखणी हाती घेतली आहे. देवाधर्माच्या मासिकात फळ्या आणि पाचरा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या घरात देव ज्या पाटावर बसतात तो पाट शेवटी जमिनीवरच असतो, आणि जमीन बदलायची म्हटले म्हणजे देवापासून झाडूपर्यंत सर्वांचा विचार करावा लागतो, हे आम्ही अनुभवाने शिकलो.

आमचे घर अंत्रूज महालात, देवळाच्या हाकेच्या अंतरावर. भिंती चिऱ्याच्या, वर मंगळुरी कौले, मध्ये चौक, आणि चौकाच्या उजव्या अंगास देवघर. त्याला लागूनच मातोश्रींची खोली. सारवलेल्या जमिनीचा एक गुण पुढे कोणत्याही जमिनीत आम्हांस आढळला नाही: ती पाणी पिऊन टाकी. अभिषेकाचे पाणी सांडो, तांब्या कलंडो, ओल्या धोतराचा सोगा टेको, घटकाभरात सर्व सुकून जाई, आणि कोणी घसरून पडल्याचे स्मरणात नाही. कोब्यानेही हा गुण थोडाफार राखला होता. सिमेंट, वाळू आणि तांबडा रंग यांचा तो लेप गवंड्याने थापीने घोटघोटून गुळगुळीत केला, दोन आठवडे त्यावर पाणी धरले, आणि नंतर घरातील बायकांनी नारळाच्या सोडणाने आणि तेलाने तो इतका घासला की त्यात समईची ज्योत दिसू लागली. देवघरात आजही तीच जमीन आहे. मातोश्री पूजेस ज्या पाटावर बसतात, त्याच्या दोन आडव्या पायांच्या जागी पन्नास वर्षांच्या घर्षणाने दोन फिकट रेघा उमटल्या आहेत. पाट उचलला तरी तो कोठे मांडावयाचा हे जमीनच सांगते.

टाइल्सच्या बाबतीत आमचा अपराध असा की आम्ही चकाकीस भुललो. देवघर आणि चौक यांना हात लावावयाचा नाही, असे तीर्थरूपांनी बजावले होते, म्हणून ते वाचले. बाकी सर्व खोल्यांत आरशासारखा पांढरा फरसा आला. येणारा प्रत्येक पाहुणा वाहवा करी. ही टाइल पाण्याचा थेंबही शोषीत नाही, असे विक्रेत्याने आम्हांस गुण म्हणून सांगितले होते. न शोषलेले ते पाणी मग जाते कोठे, हा प्रश्न विचारण्याची बुद्धी आम्हांस तेव्हा झाली नाही. ते वरच राहते.

२०२३ सालच्या आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, द्वादशीचे पारणे सोडण्यापूर्वी दिवा लावावा म्हणून मातोश्री पहाटे स्नान करून ओल्या पावलांनी खोलीतून देवघराकडे निघाल्या, आणि दाराच्या अलीकडे चार हातांवर त्यांचा पाय सरकला. वय एक्याऐंशी. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, ती चांगलीही झाली. परंतु घरी पाठविताना डॉक्टरांनी औषधांच्या आधी जमिनीची चौकशी केली. त्याच जमिनीवर वॉकर घेऊन चालावयाचे असेल तर आपण केलेले काम फुकट जाईल, असे ते स्पष्ट बोलले. सतरंजी घालू म्हटले, तर सरकणारी सतरंजी टाइलहूनही वाईट, हे त्यांनीच सांगितले.

मग शोध सुरू झाला. पुन्हा तांबडा कोबा करावा अशी आमची मनापासून इच्छा होती. पण त्यासाठी टाइल्स फोडावयाच्या, म्हणजे आठ दिवस घणाचे ठोके, धुरळा, आणि नंतर दोन-तीन आठवडे ओल. आणि शेजारच्या खोलीत खाटेवर पडलेले माणूस. खरे सागवान आमच्या ऐपतीबाहेरचे, आणि वाळवीस निमंत्रण. गालिचा पावसाळ्यात बुरशीचे माहेरघर. अशा वेळी पणजीस नोकरी करणारा आमचा भाचा म्हणाला, "मामा, लॅमिनेट घाला. टाइल फोडायला नको, वरच्या वर बसतं." या एका वाक्याने आम्ही जिंकले गेलो.

दुकानात गेलो तेव्हा तेथे भिंतीवर फळ्यांचे नमुने पोथ्यांच्या पुठ्ठ्यांप्रमाणे ओळीने लावलेले होते. ओक, वॉलनट, मेपल, बीच. सगळी परदेशी झाडे. आम्ही विचारले, फणस आहे का? आमच्याकडे खांब, दारे आणि देव्हारे फणसाच्या लाकडाचे असतात, हे त्या तरुण विक्रेत्यास ठाऊक असावे. तो हसला आणि त्याने ओकचाच एक पिवळसर नमुना पुढे केला. जुन्या फणसाच्या जवळपास जाणारा तो रंग आम्ही पसंत केला. चकचकीत पृष्ठाचा नको, हाताला रेषा लागतील असा खरखरीत पोताचा आणि मंद रंगाचा हवा, एवढे मात्र आम्ही ठाम सांगितले. चकाकीचे शिक्षण आम्हांस महाग पडले होते.

ही वस्तू आहे तरी काय, हे आम्ही तेथेच समजावून घेतले. लाकडाचा बारीक तंतू करून तो राळेत मिसळावयाचा आणि प्रचंड दाबाखाली त्याची घट्ट पाटी करावयाची. तिला एचडीएफ म्हणतात. तो फळीचा गाभा. त्यावर एक छापील कागद, ज्यावर लाकडाच्या शिरांचे छायाचित्र असते. त्याच्यावर मेलामाइन राळेचा पारदर्शक थर, आणि त्या थरात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण. खाली आणखी एक कागद, फळी वाकू नये म्हणून. १९७७ साली स्वीडनमधील पेर्स्टॉर्प या कंपनीने ही युक्ती काढली. तेथल्या स्वयंपाकघरांतील ओट्यांवर बसविण्याचा जो पत्रा ती करीत असे, तोच कठीण करून पायाखाली आणला. डिंकावाचून नुसत्या खाचेत खाच अडकवून बसणाऱ्या फळ्या त्यानंतर, १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात आल्या.

यातील ॲल्युमिनियम ऑक्साइड या नावाने आमचे वाचक बिचकू नयेत. धार लावण्याचा कुरुंदाचा दगड आपल्या घरोघर असे. तो हाच पदार्थ. माणिक आणि नीलम हीही त्याच कुळातली रत्ने. तेव्हा रांगोळीची पूड पायाखाली रगडली गेली तरी या फळीस सहसा ओरखडा पडत नाही. झीज सोसण्याच्या शक्तीप्रमाणे या फळ्यांना एसी १, एसी २ अशा चढत्या श्रेणी असतात. राहत्या घरास एसी ३ पुरे, पण वॉकरचे पाय आणि चवथीची वर्दळ लक्षात घेऊन आम्ही एसी ४ घेतली. जाडी आठ मिलिमीटर. खोली बारा फूट बाय चौदा, म्हणजे १६८ चौरस फूट. कापण्यात वाया जाते म्हणून दहा टक्के अधिक.

आमचे पुरोहित घरी आले असता हे सर्व ऐकून म्हणाले, "म्हणजे लाकडाच्या चुऱ्यावर लाकडाचं चित्र. मायावादाला याहून चांगला दृष्टांत मिळायचा नाही." त्यांच्या विनोदात तथ्य होते. तरीपण ते चित्र ज्या चुऱ्यावर चिकटविले आहे तो चुरा अस्सल लाकडाचाच आहे, असे आम्ही त्यांस म्हणालो. त्यावर त्यांनी चहा मागितला.

खरा वाद झाला तो मातोश्रींशी. एकदा काम काढलेच आहे तर देवघरही त्यातच उरकावे, म्हणजे दोन्ही खोल्या एका पातळीत येतील आणि वॉकर अडखळणार नाही, असा आमचा बेत होता. त्यांनी खाटेवरून नमुन्याची फळी हातात घेतली, पालथी केली, नखाने कडा खरवडून पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "हाचेर उदक पडल्यार?" पाणी वर पडले तर चालते, लगेच पुसावे लागते, मात्र सांध्यांत मुरले तर कडा फुगतात, आणि एकदा फुगलेली कड पुन्हा बसत नाही, हे आम्हांस सांगावे लागले. तेव्हा त्या म्हणाल्या, "उदक लागल्यार कुसता ती जमीन कसली, पुता?"

आम्ही बराच युक्तिवाद केला. पाणी सोसणाऱ्या फळ्या अलीकडे निघाल्या आहेत, अभिषेक मोठ्या ताम्हनात करता येईल, इत्यादी. पण बोलता बोलता आमचे आम्हांसच जाणवू लागले की देवघर ही पाण्याचीच जागा आहे. संमार्जन पाण्याने, स्नान पाण्याने, नैवेद्याभोवतीचे मंडल पाण्याने, तीर्थ पाण्याचे. जेथे पाणी सांडले की धावत जाऊन पुसावे लागेल तेथे पूजा व्हावी कशी? देवघराची जमीन तांबडीच राहील असे आम्ही कबूल केले. तीर्थरूपांनी २००९ साली जे बजावून सांगितले ते मातोश्रींनी २०२३ साली एका प्रश्नात पटवून दिले.

त्या वर्षी श्रावण अधिक होता. अधिक मासात घरात नवे काम काढू नये, असा घरातील वडील मंडळींचा दंडक. तो मोडण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. निज श्रावण १७ ऑगस्टला लागला आणि चवथ १९ सप्टेंबरला. चवथीस मुंबई-पुण्याची सारी भावंडे येणार, तत्पूर्वी खोली तयार हवी. या घाईत जे घडले त्याचा दोष आम्ही दुसऱ्या कोणास देत नाही. फळ्यांचे खोके वातानुकूलित गोदामातून सकाळी आले आणि त्याच दिवशी दुपारी मेस्त कामास लागला.

काम पाहण्यासारखे होते, हे मात्र कबूल केले पाहिजे. प्रथम फेसाच्या पातळ चादरीचे अस्तर. मग भिंतीच्या कडेने पहिली ओळ. प्रत्येक फळी सुमारे चार फूट लांब आणि पाऊण वीत रुंद. तिची जीभ आधीच्या फळीच्या खाचेत तिरपी धरावयाची, खाली दाबावयाची, आणि लाकडी ठोकळा लावून हळूच एक ठोका द्यावयाचा की ती बसली. सांध्यावर सांधा येऊ द्यावयाचा नाही. दुसरी ओळ अर्ध्या फळीने सुरू. खिळा नाही, डिंक नाही, सिमेंट नाही. ही जमीन खालच्या जमिनीस कोठेच चिकटलेली नसते. ती नुसती वर ठेवलेली असते, म्हणून तिला तरंगती जमीन म्हणतात. मातोश्रींस हे कळले तेव्हा त्यांनी, पृथ्वी शेषाच्या फण्यावर, आणि आपली खोली फेसावर, असे म्हणून हात जोडले. तिन्हीसांजेस खोली पुरी झाली. दार घासू लागले म्हणून त्याची खालची कड रंध्याने तासली. भिंतीशी जी फट राहिली होती ती बघून आम्ही नाक मुरडले. मेस्तही ओशाळला. "बाब, फट दवरल्यार लोक हांसतले," असे म्हणून त्याने फळ्या भिंतीपर्यंत सारल्या, आणि उरलेली फट गवंड्याकडून पांढऱ्या सिमेंटने बुजवून घेतली. आम्ही शाबासकी दिली.

आठवडाभर सर्व ठीक होते. बाहेर पाऊस धरून लागला होता. चवथीस पाच दिवस उरले असता मातोश्री म्हणाल्या, वॉकर डुलतो. आम्ही खाली वाकून पाहिले तो खोलीच्या मध्यभागी जमीन बैलाच्या वशिंडासारखी वर आलेली. पाय दिला की बसे, काढला की पुन्हा उठे. ज्या जमिनीसाठी इतका खटाटोप केला तिच्यावर त्यांनी एक पाऊलही टाकणे धोक्याचे झाले. त्यांची खाट वसरीवर हलविली. चवथीच्या पाच दिवसांत येणाऱ्या-जाणाऱ्या शेकडो माणसांच्या देखत त्या तेथे पडून होत्या, आणि आम्ही प्रत्येकास तेच कारण नव्याने सांगत होतो. मेस्त दोनदा निरोप पाठवूनही आला नाही. त्याच्या घरीही चवथ होतीच.

विसर्जनानंतर माटोळी उतरविताना फळांची यादी हवी होती. ती आमच्या सौभाग्यवतीने एका जाड कागदाच्या पाठीवर लिहून ठेवली होती: नारळाची पेंड, सुपारीचा घोस, तोरिंगण, कांगलां, घागऱ्यो. कागद उलटून पाहिला तो काय, फळ्यांच्या खोक्यातील पत्रक! त्यावर चित्रांसह सर्व सूचना होत्या. पहिलीच अशी की खोके न उघडता, आडवे, ज्या खोलीत फळ्या घालावयाच्या त्याच खोलीत अठ्ठेचाळीस तास ठेवावेत. लाकूड हवेतील ओल घेते आणि सोडते. गोदामाच्या कोरड्या हवेतून आलेल्या फळीस आमच्या भाद्रपदाच्या दमट हवेची सवय होण्यास तेवढा वेळ लागतो. दुसरी सूचना, सिमेंटच्या किंवा टाइलच्या जमिनीवर आधी पॉलिथिनचा कागद अंथरावा. तिसरी, चारही भिंतींशी आठ ते दहा मिलिमीटर फट ठेवावी, म्हणजे जमिनीस फुगण्यास वाव राहील. ती फट नंतर स्कर्टिंगच्या पट्टीखाली झाकली जाते. जी फट आम्ही लाजेने बुजविली, तिच्यावाचून ही जमीन जगूच शकत नव्हती. वर्षाकाठी सुमारे एकशेवीस इंच पाऊस पडणाऱ्या प्रदेशात राहून ओलीचा विसर पडावा, याहून मोठा वेडेपणा कोणता? दाराच्या चौकटीस पावसाळ्यासाठी सूतभर जागा सोडावी लागते, हे आमच्या आजोबांनाही ठाऊक होते.

दसरा झाला, पाऊस ओसरला. मेस्तास आम्ही बोलावून आणले आणि ते पत्रक दोघांनी मिळून वाचले. मग तरंगत्या जमिनीचा दुसरा गुण प्रत्ययास आला: खिळा नसल्यामुळे ती जशी घातली तशी उचलताही येते. प्रत्येक फळीच्या पाठीवर खडूने आकडा घालून त्याने अर्ध्या दिवसात सारी जमीन गोळा करून भिंतीशी रचली. चार फळ्यांच्या कडा फुगल्या होत्या. त्या जास्तीच्या फळ्यांतून भरून निघाल्या. नंतर आम्ही टाइलवर हातभर पॉलिथिनचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवला. बाहेरच्या भिंतीलगतच्या कोपऱ्यात सकाळी त्याच्या आतून दव साचलेले दिसले. बाहेर जाऊन पाहिले, तर पन्हाळीचे पाणी थेट भिंतीच्या पायथ्याशी पडत होते आणि चिरा ते पिऊन आत पोहोचवीत होता. पन्हाळीस कोपर बसविले, कोपरा आठ दिवस वाळू दिला. मग पॉलिथिन, वर अस्तर, वर फळ्या; आणि भिंतींशी या खेपेस मेस्ताने दहा-दहा मिलिमीटरच्या लाकडी पाचरा मोजून ठोकल्या. काम संपल्यावर पाचरा काढून स्कर्टिंग लावले, आणि तीसुद्धा भिंतीलाच ठोकली, फळ्यांना नव्हे. देवघराच्या दाराशी नवी जमीन संपून तांबडी सुरू होते. तेथे वॉकर अडू नये म्हणून पितळी रंगाची उतरती पट्टी बसविली.

दोन पावसाळे उलटले. जमीन जागची हलली नाही. काही बंधने अर्थात् आली आहेत. बादलीभर पाण्याने खोली धुणे बंद. घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसणे, बस्स. मातोश्रींस हे आजही पुसण्यासारखे वाटत नाही, "हात फिरवल्यासारखे" वाटते. स्नानगृहाच्या दाराशी, रबरी तळाचे, न सरकणारे पायपुसणे असते, आणि त्यावर दोन्ही पाय कोरडे केल्याविना त्या पुढे येत नाहीत. एकेकाळी ओल्या पावलांनी देवघरात जाणे हाच ज्यांच्या शुचिर्भूतपणाचा भाग होता त्यांना ही सवय लावून घेताना काय वाटले असेल, हे आम्ही विचारले नाही. तीर्थाचा थेंब सांडला तर नातवंडे फडके घेऊन धावतात. या जमिनीवर पाटाची रेघ उमटणार नाही, कोणाच्या वावराची खूण राहणार नाही. कुरुंदाने मढविलेली ती, तशीच कोरी राहील. एक गोष्ट मात्र त्या आपण होऊन बोलल्या. मार्गशीर्षातल्या एका पहाटे खाटेवरून पाय खाली सोडीत म्हणाल्या, "आतां पांयांक शीं लागना."

या जमिनीचा एक दोष दुकानदाराने प्रारंभीच सांगितला होता. खाली पोकळ असल्यामुळे चालताना ती वाजते. आवाज नको असेल तर अधिक जाड अस्तर घ्या, असा त्याचा सल्ला होता. चार पैसे वाचविण्यासाठी आम्ही तो मानला नाही. टाइलवरून मातोश्री चालत तेव्हा त्यांच्या अनवाणी पावलांचा आवाज येत नसे. त्या पडल्या त्या पहाटेही आम्हांस पडल्याचाच आवाज आला, चालण्याचा आला नव्हता. आता वॉकर गेला, काठी आली आहे. पहाटे देवळातला चौघडा सुरू होण्याच्या थोडे आधी भिंतीपलीकडून काठीचा एक ठोका येतो, मग पावलाचा, मग पुन्हा काठीचा. आम्ही अंथरुणात पडून मोजीत राहतो. खाटेपासून देवघराच्या दारापर्यंत सोळा-सतरा ठोके होतात. मग आवाज एकदम बंद पडतो. त्या तांबड्या जमिनीवर पोहोचलेल्या असतात. थोड्या वेळाने आगपेटी ओढल्याचा आवाज येतो, आणि आम्ही कूस वळवून पुन्हा डोळे मिटतो.